ॲमस्टरडॅमहून: व्हिडिओ बदलताना जुने तुकडे का जपावे लागतात

मी इथे व्हिडिओ प्रक्षेपणाच्या क्षेत्रात काम करतो, आणि ‘चढवलेला व्हिडिओ दुरुस्त करायचा म्हणजे जुनी फाईल काढून नवी टाकायची, त्यात एवढे काय?’ असे घरची मंडळी विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस या इंटरनेटवरून व्हिडिओ दाखवण्याच्या पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि त्यांचा क्रम प्लेलिस्टमध्ये लिहिलेला असतो. सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरांचे जाळे, हे तुकडे प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवर ठरावीक मुदतीपर्यंत साठवते, त्यामुळे मुंबईत पाहणाऱ्यासाठी प्रत्येक तुकडा युरोपातून पुन्हा पुन्हा आणावा लागत नाही.

आता समजा, आवाज दुरुस्त करून तोच व्हिडिओ त्याच नावांनी पुन्हा चढवला. मुंबईच्या सर्व्हरवर ४१वा तुकडा आधीपासून असेल, तर मुदत संपेपर्यंत तो जुनाच मिळतो. ४२वा नसेल, तर तो मात्र नवा येतो. मग आवाज मध्येच बदलतो, ओठ आणि शब्द जुळेनासे होतात, कधी प्लेअरच अडकतो, आणि दुसऱ्या शहरात तोच व्हिडिओ सुरळीत चालत असल्याने तक्रार करणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, याचे मला फार वाईट वाटते. सीडीएनला पर्जचा आदेश देऊन तिथली साठवण पुसता येते, पण प्रेक्षकाच्या ब्राउझरने ठेवून घेतलेल्या प्रतीपर्यंत तो आदेश पोहोचत नाही.

म्हणून नव्या आवृत्तीला नवा फोल्डर आणि नवी नावे द्यावीत, हेच मला योग्य वाटते. असे केले की तुकड्यांना वर्षभराची मुदत निर्धास्तपणे देता येते. कमी मुदत फक्त प्लेलिस्टला लागते. आधी सगळे तुकडे चढवावेत आणि प्लेलिस्ट शेवटी बदलावी, कारण अजून न पोहोचलेला तुकडा कोणी मागितला, तर ‘४०४’, म्हणजे ‘फाईल सापडली नाही’, हे उत्तरसुद्धा काही काळ कॅशेमध्ये, म्हणजे त्या साठवणीत, राहू शकते.

जुने तुकडे मात्र लगेच काढू नयेत. उन्हाळ्यात इथे दुपारचे साडेचार वाजलेले असताना भारतात रात्रीचे आठ वाजलेले असतात; आमची कामे आवरण्याची वेळ तीच तिकडे निवांत बसून पाहण्याची वेळ असते. पूर्ण झालेल्या व्हिडिओची प्लेलिस्ट प्लेअर सहसा एकदाच वाचतो, त्यामुळे अर्ध्यावर थांबवून जेवायला उठलेला प्रेक्षक परत आल्यावर जुनेच तुकडे मागतो. आमच्या गटात ते तुकडे हटवण्याची तारीख नवे चढवण्याच्या तिकिटातच, म्हणजे त्या कामाच्या नोंदीतच, लिहितात, आणि ती लिहिल्याशिवाय काम मंजूर होत नाही.