आईला कॅनडात आणताना: सुपर व्हिसा, विमा आणि सांगलीचं घर

सांगलीला गेले की विश्रामबागेत भेटणारं प्रत्येक जण विचारतं, "आईला कायमची नेलीस का गं?" नाही. आई माझ्याकडे मिसिसागात राहते, पण तिचं सांगलीचं घर तसंच उघडं आहे आणि वाटेल तेव्हा ती तिकडे जाऊन राहते. हे आम्ही दोघींनी विचार करून ठरवलं आहे. आता ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे हाच विषय निघालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा गेले तेव्हा मी एकुलती एक, तीही टोरंटोजवळ. आईचा पहिला आक्षेप थंडीचा नव्हता, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं हा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षांच्या वर नोकरी केलेली, स्वतःच्या पेन्शनवर जगणारी बाई. तरी लेकीकडे राहायचं म्हटल्यावर तिला संकोच वाटला. माझ्या नवऱ्यानेच तिला फोनवर सांगितलं, "आई, हे घर तुमच्या लेकीच्या पगारावरही उभं आहे. तुम्ही माझ्याकडे नाही, तिच्याकडे येताय." मुलाकडे राहणं हक्काचं आणि मुलीकडे राहणं पाहुणचाराचं, ही समजूत आपण आता सोडली पाहिजे. माझ्यासारख्या एकुलत्या मुली घरोघरी आहेत. त्यांच्या आईवडिलांनी जायचं कुठे?

आता कागदपत्रांचं. कॅनडात आईवडिलांना आणायचे दोन रस्ते. एक पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा. दुसरा सुपर व्हिसाचा, म्हणजे आईवडिलांना पाहुणे म्हणून दीर्घ काळ राहता येणाऱ्या व्हिसाचा. पीआरचा रस्ता बहुतेकांना बंदच होता, कारण २०२० मध्ये ज्यांनी इच्छा नोंदवली त्यांच्यातूनच २०२१ ते २०२५ अशी सगळी वर्षं नावं काढली गेली. नाव निघालंच तर तीन वर्षांचं ठरावीक उत्पन्न कराच्या कागदांवर दाखवायचं आणि आईवडिलांचा खर्च उचलण्याची २० वर्षांची हमी लिहून द्यायची. शिवाय एखादा फार खर्चिक आजार निघाला तर त्यावरून अर्ज नाकारलाही जातो.

पीआरचे फायदे मोठे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या ओंटारियो प्रांतात पीआर झालेल्यांना ओहिप, म्हणजे सरकारी आरोग्य विमा मिळतो आणि वयाची ६५ वर्षं झाली की औषधांचाही बराचसा खर्च सरकार उचलतं. सुपर व्हिसावाल्यांना यातलं काही नाही. पण पीआर टिकवायचा तर दर ५ वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. आईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे मी कुठं राहायचं ते सरकार मोजणार?" तिथेच आमचा निर्णय झाला.

सुपर व्हिसा २०११ च्या डिसेंबरपासून आहे. तो जास्तीत जास्त १० वर्षांचा मिळतो, हव्या तितक्या वेळा ये-जा करता येते आणि जुलै २०२२ पासून एका वेळी सलग ५ वर्षं राहता येतं. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्या, कारण व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. मुलगा किंवा मुलगी कॅनडाची नागरिक किंवा पीआर हवी, घरातली माणसं मोजून त्यानुसार किमान उत्पन्न हवं, निमंत्रणाचं पत्र हवं. वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. एवढं सगळं नीट लावलं तर अर्ज अवघड नाही.

खरा अभ्यास लागतो तो विम्याला, आणि इथेच घाई होते. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एका वर्षाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय सुपर व्हिसा मिळत नाही. लोक चार कंपन्यांचे हप्ते बघतात आणि सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात. हप्त्याच्या आधी बघायचं ते आधीपासून असलेल्या आजारांचं कलम. साठी-सत्तरीतल्या आपल्या बहुतेक माणसांना बीपी नाहीतर शुगर असतेच. असा आजार पॉलिसीत धरला जातो, पण पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक दिवस, कुठे ९० तर कुठे १८०, तो "स्थिर" असेल तरच. स्थिर म्हणजे नवं औषध नाही, डोसमध्ये बदल नाही, नवीन त्रास नाही, डॉक्टरांनी सुचवलेली एखादी तपासणी बाकी नाही. बऱ्याच पॉलिसींत डोस कमी केला तरी तो बदलच धरतात.

आता आपल्याकडे काय होतं बघा. परदेशी जायचं ठरलं की निघायच्या महिनाभर आधी "एकदा सगळं चेकअप करून घेऊ" म्हणून आईवडिलांना नेतात. डॉक्टर बीपीची गोळी बदलून देतात आणि इथे उतरल्यावर हृदयाचं काही झालं तर कंपनी त्याच बदललेल्या गोळीवर बोट ठेवते. म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत, त्या लवकर करायच्या, निघायच्या निदान सात-आठ महिने आधी. औषधं बदलायची असतील तर तेव्हाच बदलून बसू द्यायची. आईची शुगर आणि बीपी दोन्ही आम्ही अशीच आधी मार्गी लावली आणि मग पॉलिसीची तारीख ठरवली. विम्याच्या अर्जात एकही आजार लपवू नका. हॉस्पिटलचं बिल आलं की कंपनी सांगलीच्या डॉक्टरांचे कागद मागवते.

नेहमीच्या तपासण्या, दातांची नेहमीची कामं या विम्यात येत नाहीत, तो पैसा वेगळा धरायचा. औषधं सोबत ९० दिवसांपुरतीच आणता येतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. डबीत सुट्या गोळ्या भरून आणू नका. विमानात व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा. चालता येतंय, व्हीलचेअर कशाला, असं घरचे वडीलधारे म्हणतील. मधल्या विमानतळावरची अंतरं त्यांनी पाहिलेली नसतात.

विम्यात एक बाब असते, मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी नेण्याची. ती वाचताना मी गप्प झाले होते. आईनेच विषय काढला. म्हणाली, "इथं गेले तर इथंच करा. मला पेटीत घालून नेऊ नका. अस्थी तेवढ्या कृष्णेत." हे बोलणं अवघड आहे, पण विमानात बसायच्या आधी झालेलं बरं. आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा हेही तेव्हाच लिहून ठेवा.

इथल्या दिवसांबद्दल सांगायचं तर डिसेंबर सगळ्यात कठीण. पावणेपाचला सूर्य मावळतो आणि फुटपाथवर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, म्हणून आई बुटांना लोखंडी काट्यांचे पट्टे लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. फार गार असलं की आमच्या जवळच्या मॉलमध्ये चालते. दुकानं उघडायच्या आधी तिथे ज्येष्ठांची गर्दी असते. तिथेच तिला दोन पंजाबी मैत्रिणी मिळाल्या. हिंदी तिघींचीही आपापली, पण तासन् तास बोलतात. सुपर व्हिसावाल्यांना सरकारी मोफत इंग्रजीचे वर्ग मिळत नाहीत, मात्र लायब्ररीतल्या संभाषणाच्या गटात कुणीही बसू शकतं. हेझल मॅकॅलियन सेंट्रल लायब्ररीत तिला पहिल्यांदा सोडलं तेव्हा ती फार बोलली नाही. पुढच्या वेळी मात्र माझ्या आधी तयार होऊन बसली होती.

एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. नातवंडं सांभाळायला म्हणून आईवडिलांना आणू नका. आजीचा नातीवर जीव असतो, ती आपण होऊन तिचं सगळं करते, ते वेगळं. पण डेकेअरचे पैसे वाचवायला सत्तरीतल्या बाईला दिवसाचे दहा तास तान्ह्या बाळामागे, बंद घरात, एकटं ठेवायचं, हा अन्याय आहे, आणि तो आपल्या लोकांत सर्रास चालतो. ती तक्रार करत नाही, कारण तिकीट मुलाने काढलेलं असतं. माझी मुलगी डेकेअरला जाते. संध्याकाळी आजी तिला अंक आणि बाराखडी शिकवते, तेही आजीला वाटलं तर.

सांगलीची घडी मोडायची नाही हेही तितकंच महत्त्वाचं. आईचा भारतातला मोबाइल नंबर आम्ही रोमिंगवर चालू ठेवला आहे, कारण बँक आणि आधारचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. तो जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवर चेहरा दाखवून होईल, वकिलातीचा चालेल की आणखी काही लागेल, हे निघण्यापूर्वीच बँकेत आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या. घराची किल्ली मिरजेच्या मावशीकडे आहे. ती दर आठवड्याला खिडक्या उघडून येते. घर विकून टाका, तेवढेच पैसे हाताशी, असा सल्ला बरेच जण देतात. मी तो ऐकणार नाही. स्वतःचं दार उघडून आत जाता येतं हे माहीत असलं की आई इथेही मोकळेपणाने राहते, आम्हाला चार गोष्टी सुनावतेसुद्धा.

तिचं अर्धं मन तिकडे असतं हे मी मान्य केलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ती रोज उठल्याउठल्या सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे माझ्या नवऱ्यालाही आता पाठ झालंय. २०१९ चा पूर तिने पाहिला आहे. असा पावसाळा आला की मावशीला दिवसातून तीनदा फोन जातात.

यंदा ती गौरी-गणपतीला सांगलीला जाते आहे. परतीचं तिकीट मात्र तिने काढू दिलेलं नाही. "तिथून सांगेन तेव्हा काढ," म्हणाली. बरं म्हटलं. ती परत येईल त्या दिवसापासून नवी पॉलिसी घ्यावी लागेल आणि स्थिरतेचे दिवस पुन्हा मोजले जातील, म्हणून तिच्या डॉक्टरांना फोन करून ठेवला आहे: गोळ्यांत काही बदल करायचा असेल तर ती पोचल्यापोचल्या करा, निघताना नको.