पाठवणाऱ्याच्या जागी आपलं नाव

सोमवार, रात्री

आषाढी झाली, मुहूर्त थांबले. आमचा बसून करायचा काळ आता सुरू होतो. मे-जूनमधल्या लग्नांचे फोटो निवडायचे, रंग नीट करायचे आणि एकेका घराला ऑनलाइन गॅलरी पाठवायची. कोल्हापुरात पावसाने नुसता जोर धरलाय, दिवसभर बाहेर पडायचं नाव नाही. मला हे दिवस मनापासून आवडतात. मांडवातल्या धावपळीत टिपलेली माणसं इथे पहिल्यांदा निवांत भेटतात. आज एका फोटोत अंतरपाटाच्या कडेवरून डोकावणारा पाच-सहा वर्षांचा पोरगा सापडला, मुठीतल्या अक्षता मंगलाष्टकं संपायच्या आधीच निम्म्या सांडलेल्या.

पण गॅलरी तयार झाल्याचा निरोप ज्या नावाने जातो, ते मला बरेच दिवस खुपतंय. ज्या कंपनीच्या सेवेवर आम्ही गॅलऱ्या ठेवतो, तिच्याच सामायिक पत्त्यावरून मेल जातो. पत्ता ‘नो-रिप्लाय’ असा, विषय इंग्रजी, आणि आमच्या स्टुडिओचं नाव मजकुरात खाली कुठेतरी. आज दुपारी एका नवरीच्या वडिलांचा फोन आला.

“ताई, कुठल्यातरी परदेशी कंपनीचा मेल आलाय. फोटो बघायला इथं दाबा म्हणतोय. तुमचाच हाय न्हवं? दाबू का नको?”

मी म्हटलं, “काका, आमचाच आहे. पण विचारलंत ते फार चांगलं केलंत.”

खरोखरच चांगलं केलं त्यांनी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल पाठवायची, ती उघडली की फोनमधले ओटीपी पळवायचे आणि खातं रिकामं करायचं, असे प्रकार आपल्याकडे घडलेत. अनोळखी लिंक उघडू नका, असं सगळीकडून बजावलं जातं आणि लोक आता ते पाळू लागलेत. मग ज्यांच्या घरातलं लग्न आम्ही दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत शिरून टिपलं, त्यांनाच आमचा मेल अनोळखी वाटावा, हे मला चालणार नाही.

बाबांच्या काळी प्रत्येक प्रिंटच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का असायचा. स्टुडिओचं नाव, पत्ता आणि निगेटिव्हचा नंबर. पंधरा-वीस वर्षांनी कोणी फ्रेम फुटली म्हणून फोटो घेऊन आलं, की बाबा तो उलटा करून नंबर वाचायचे आणि माळ्यावरचा डबा काढायचे. फोटो आमचा आहे आणि त्याची जबाबदारीही आमची आहे, एवढं तो शिक्का सांगायचा. राजा दीनदयाळांनी 1896 साली मुंबईत स्टुडिओ काढला, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून फोटोग्राफर आपलं नाव फोटोच्या पुठ्ठ्यावर घालत आलेत. आमच्या पिढीत कागद गेला आणि नावाची ती जागा भलत्याच्याच हाती गेली. ती मला परत हवी आहे.

मंगळवार

धाकट्या भावाबरोबर सकाळ यातच गेली. तो संगणकाच्या बाजूने बोलतो, मी फोटोच्या बाजूने, आणि मधे चहा.

मेल जाण्याची मूळ पद्धत, एसएमटीपी, 1982 सालची. पाठवणारा म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं, ते तपासायची सोय तेव्हा ठेवलेलीच नव्हती. विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकांना ओळखत होत्या, त्यांना गरजही वाटली नसेल. पुढे जगभरचे ठग त्यात शिरले आणि मग वरून एकेक कुलूप बसवत जावं लागलं. तीन कुलपं महत्त्वाची: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क.

मला ती अशी कळली. प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, पोचला नाही तर मेल परत कुठे यायचा ते सांगणारा. दुसरा आतल्या पत्रावरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. एसपीएफ पाकिटाचा पत्ता बघतं: या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ पुढच्या नावाच्या, नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का? डीकिम म्हणजे मेलवर केलेली सही. खासगी किल्ली पाठवणाऱ्या सर्व्हरकडे, तिची जोडीदार उघडी किल्ली आपल्या डोमेनच्या नोंदींत. वाटेत मजकुराला कोणी हात लावला, तर सही जुळत नाही. आणि डीमार्क विचारतं, की या दोन्हींपैकी निदान एकातलं डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतंय का, आणि जुळत नसेल तर त्या मेलचं काय करायचं.

हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पहिली दोन कुलपं नीट लागलेली असूनही वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच नाव येऊ शकतं. काका पाकीट कधी बघणार नाहीत. त्यांना दिसतं तेच नाव खरं असायला हवं.

मी भावाला विचारलं, की मग स्टुडिओचा जुना जीमेलचा पत्ताच पाठवणारा म्हणून का घालायचा नाही, लोकांना तो पाठ आहे. त्याने समजावलं ते पटलं. जीमेल हे डोमेन गूगलचं आहे, त्याच्या नावाने सही करायचा हक्क गॅलरीवाल्या कंपनीला नाही. याहूने 2014 सालीच आपल्या पत्त्यांसाठी नियम कडक केला: याहूचं नाव लावून बाहेरच्या सर्व्हरवरून आलेला मेल नाकारा. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू दोघांनीही घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर बंधनं घातली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्याकडे तिन्ही कुलपं हवीत आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत पोचता कामा नयेत. आमचा स्टुडिओ वर्षभरातही तेवढे मेल पाठवणार नाही. पण गॅलरीवाली कंपनी हजारो फोटोग्राफरांचे निरोप पोचवते, त्यामुळे तिच्या दारातून आमच्यापर्यंत नियम आलाच. मला तो नियम आवडला. काकांसारख्यांची राखण त्याने होते.

म्हणजे स्वतःचं डोमेन हवंच. ते आमच्याकडे आहे, आणि स्टुडिओच्याच खात्यावर आहे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. माझ्या माहितीतल्या एका फोटोग्राफरचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यावर नोंदलेलं आहे. दोघांचं आता बोलणं नाही, आणि ह्याला स्वतःच्याच नावाच्या नोंदींत एक अक्षर बदलता येत नाही. नवीन धंदा काढणाऱ्या प्रत्येक पोरीला मी हे सांगते: कॅमेरा भाड्याने घे, लेन्स भाड्याने घे, पण डोमेनचं खातं आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेव.

बुधवार

आज हात घातला.

गॅलरीच्या सेटिंगमध्ये आमचं डोमेन दिल्यावर त्यांनी भरायच्या नोंदींचा तक्ता दिला. तीन सीनेम नोंदी: दोन डीकिमच्या सहीसाठी, एक पाकिटावरच्या पत्त्यासाठी. चौथी डीमार्कची, ती टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या प्रकारची. सीनेम म्हणजे, आमच्या डोमेनखालचं हे नाव विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे बघा, असं सांगणारी पाटी. याचा फायदा असा, की त्यांनी उद्या सहीची किल्ली बदलली तरी मला काही करावं लागत नाही.

डोमेन जिथून घेतलं, तिथल्या पानावर ‘होस्ट’ आणि ‘व्हॅल्यू’ असे दोन रकाने. तक्त्यात होस्टचं नाव आमच्या डोमेनसकट पूर्ण लिहिलेलं होतं. ते जसंच्या तसं चिकटवायचं नाही, कारण ह्या पानाला पुढे डोमेन स्वतःहून जोडायची सवय आहे. रकान्याच्या उजवीकडे फिक्या करड्या अक्षरांत आमचं डोमेन आधीच छापलेलं दिसत होतं, त्यावरून भावाने ओळखलं. पूर्ण नाव घातलं असतं, तर नोंद ‘स्टुडिओ डॉट इन डॉट स्टुडिओ डॉट इन’ अशी भलत्याच ठिकाणी जाऊन बसली असती आणि पान मात्र ‘सेव्ह झालं’ म्हणालं असतं. म्हणून फक्त पुढचा तुकडा घातला. डीकिमच्या नोंदीच्या नावात ‘डोमेनकी’ असा शब्द येतो, त्याच्या आधीचा अंडरस्कोर तेवढा जपायचा, फोनवर बारीक अक्षरांत तो दिसतच नाही, म्हणून हे काम मोठ्या स्क्रीनवरच करावं.

एसपीएफच्या बाबतीत एक सांभाळावं लागतं. स्टुडिओच्या मेलबॉक्ससाठी एसपीएफची एक ओळ आधीपासून आहे. एका नावावर अशी एकच ओळ चालते. दुसरी घातली की तपासणीच रद्द ठरते, मग आपले रोजचे मेलही अडकायला लागतात. शिवाय ती ओळ तपासताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेत, जास्तीत जास्त 10 वेळा विचारणा करता येते, त्यामुळे दिसेल त्या सेवेचं नाव त्यात कोंबत जायचं नसतं. आमच्या गॅलरीवाल्यांचा पाकिटावरचा पत्ता वेगळ्या उपडोमेनवर आहे, म्हणून मूळ ओळीला हात लावावा लागला नाही.

नोंदी भरून झाल्यावरच तपासायचं, आधी अजिबात नाही, हा भावाचा नियम. आधीच कोणी विचारलं तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर मधल्या सर्व्हरांत काही काळ साठून राहतं, आणि मग नोंद घातली तरी ती दिसेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. 48 तास लागतील असं पानावर लिहिलेलं असतं. आमच्या नोंदी दुपारचा चहा व्हायच्या आत हिरव्या झाल्या.

डीमार्कचं धोरण सध्या ‘नन’ ठेवलं आहे, म्हणजे फक्त बघ आणि कळव, अडवू नकोस. अहवालासाठी वेगळा मेलबॉक्स काढला. आमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय, ते त्यात दिसेल. मला वाटतं बिलांच्या सॉफ्टवेअरवरून जाणारे मेलही त्यात सापडतील, त्यांचंही बघायला हवं. ते सगळं सरळ झालं की ‘क्वारंटाइन’, म्हणजे न जुळणारा मेल स्पॅममध्ये टाक, आणि मग ‘रिजेक्ट’, म्हणजे सरळ नाकार.

शुक्रवार

पत्ता काय ठेवायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. बाबा म्हणाले, साधं ‘फोटो’ ठेव, सांगायला सोपं. तेच ठेवलं. आणि उत्तर दिलं तर ते आमच्या मेलबॉक्समध्येच येईल अशी सोय केली. लग्नाचे फोटो पाठवून वर ‘उत्तर देऊ नका’ म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. फोटो बघून माणसाला बोलावंसं वाटतं.

पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत ठेवलं. जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ करून बघितलं, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं-अंकांची एक लांबलचक ओळ. मेलच्या मथळ्यात जुन्या नियमाने साधी इंग्रजी अक्षरंच जायची, म्हणून मराठी अक्षरं अशी बांधून पाठवतात आणि तिकडे सोडून दाखवतात. इनबॉक्समध्ये आमचं नाव स्वच्छ मराठीत, काना-मात्रेसकट. वर तीन ओळी: एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. मी तो स्क्रीन बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी नावाचं शुद्धलेखन तपासलं.

मजकूरही बदलून टाकला. “सप्रेम नमस्कार. आपल्या घरच्या लग्नाचे फोटो तयार आहेत,” अशी सुरुवात. मग लग्नाची तारीख आणि कार्यालयाचं नाव, जे ठगाला ठाऊक असणार नाही. पासवर्ड मेलमध्ये नाही. तो मी फोन करून सांगणार. गॅलरी कोणत्या तारखेपर्यंत उघडी राहील ते ठळक. मूळ आकाराचे फोटो कसे उतरवून घ्यायचे ते दोन वाक्यांत. व्हॉट्सॲपवर फोटो मागणारे पुष्कळ असतात, पण तिथून जाताना फोटो लहान होतो, आणि अल्बमला छापायला तो उपयोगाचा राहत नाही, हेही सांगितलं.

पहिला निरोप त्याच काकांच्या घरी पाठवला. जावई नेदरलँड्समध्ये असतात, त्यांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यावरून मेल आपोआप त्यांच्या दुसऱ्या खात्यावर जातो. अशा वळवलेल्या मेलला एसपीएफ टिकत नाही, कारण पुढे ढकलणारा सर्व्हर आमच्या यादीत नसतो. डीकिमची सही मात्र मेलबरोबर जाते. मजकुराला कोणी हात लावला नाही, तर ती तिकडेही जुळते. त्यांना मुद्दाम विचारलं. मेल इनबॉक्समध्येच आला होता, आणि पाठोपाठ त्यांच्या आईचंही उत्तर आलं, आमच्या मेलबॉक्समध्ये:

“ताई, फोटो बघितले. विहिणींच्या पंगतीतला माझ्या सासूबाईंचा फोटो मोठा करून पाठवाल का? त्या कधी फोटो काढूच देत नाहीत.”

उद्या तो काढायचा आहे. मूळ फाइल शोधली. आजींच्या हातात वाढायचं पळीपात्र आहे आणि नजर समोरच्या पानावर. डावीकडून ट्यूबलाइटचा हिरवा रंग आलाय, तो काढून मगच छापायला देईन. बिलांच्या सॉफ्टवेअरवाल्यांना डीकिमबद्दल मेल केला आहे. सोमवारी उत्तर आलं नाही तर फोन.