उन्हाळ्यातला गौताळा: जोडीनं कामाला जायचं असेल तर

मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. अभयारण्यं आहेत. जायकवाडीला पक्ष्यांचं, नायगावला मोरांचं, येडशीला रामलिंग घाटाचं, नांदेडच्या कडेला पैनगंगेचं आणि कन्नडला गौताळा औट्रमघाट. उन्हाळ्यात जंगलात राहून काही हातभार लावायचा असेल तर यांत गौताळा सगळ्यात सोयीचं. १९८६ साली घोषित झालेलं हे २६० चौ. किमी जंगल वरच्या पठारावर कन्नड तालुक्यात आहे आणि कडा उतरला की खाली चाळीसगाव तालुक्यात. यंदाचा उन्हाळा आम्ही दोघा नवरा-बायकोनं इथं पाणवठे, जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि मचाण या कामांत घालवला. जे मागून जाणार आहेत त्यांच्यासाठी हे टिपण.

बहुतेक लोक इथं पावसाळ्यात धबधबे बघायला येतात. ती गर्दी टाळाच. हिवाळ्यात गवत कमरेएवढं असतं, जनावर दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही. एप्रिल लागला की धावडा, साग, सालई, मोई सगळी झाडं उघडी पडतात, गवत बसतं आणि ओढ्यापलीकडचं भेकरसुद्धा नजरेला येतं. शिवाय नैसर्गिक पाणी आटलेलं असल्यामुळे नीलगाय असो की अस्वल, चोवीस तासांत कधीतरी त्याला पाण्यावर यावंच लागतं. उन्हाळ्यातली सगळी कामंही याच पाण्याभोवती फिरतात.

आधी परवानगी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. काम करायचं तर लेखी अर्ज. अर्ज छत्रपती संभाजीनगरच्या वन्यजीव विभागाकडे करायचा, प्रत कन्नडच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला. होळीच्या आधी द्या, मे महिन्यात गेलात तर कुणाकडे वेळ नसतो. अर्जात ‘निसर्गाची आवड आहे’ असं लिहून भागत नाही. दोघांची ओळखपत्रं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय काय करता येतं (दुचाकी चालवणं, संगणकावर नोंदी भरणं, प्रथमोपचार, प्लंबिंग), राहायची सोय स्वतःची आहे की नाही, हे लिहा. प्लंबिंग येतं असं लिहिलेल्या माणसाला कॅमेरेवाल्याच्या आधी बोलावणं येतं, आणि ते बरोबरच आहे.

कन्नड संभाजीनगरपासून साधारण ६० किमी, वेरूळवरून पुढे. एस.टी. भरपूर. कन्नडपासून पुढे मात्र स्वतःची दुचाकी हवी. टायर चांगले, पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब सोबत. खैराचा आणि बोरीचा काटा कुणाला सोडत नाही. वनखात्याची विश्रामगृहं आरक्षणावर मिळतात, पण लांबच्या मुक्कामाला कन्नडमध्ये खोली भाड्यानं घेणंच स्वस्त आणि सुटसुटीत. बाजार, दवाखाना, पेट्रोल सगळं हाताशी राहतं.

आता पाणवठ्यांचं काम. जंगलातले कृत्रिम पाणवठे बहुतेक बशीच्या आकाराचे, सिमेंटचे. काहींना सोलर पंप, बाकीचे टँकरवर. तीन मीटर व्यासाची, मधे ४५ सेंमी खोल बशी धरली तर तिच्यात साधारण दीड हजार लिटर पाणी मावतं. मे महिन्यात नुसत्या उन्हानं आणि वाऱ्यानं दिवसाला एक-सव्वा सेंटीमीटर पाणी उडतं, म्हणजे भरलेल्या बशीतून रोज ७०-९० लिटर कुणी न पिताच गेलं. त्यावर वानरांची टोळी, रानडुकरं, नीलगायी. टँकरची फेरी आठवड्याला पुरेल असा हिशेब कागदावर बरोबर येतो, पण रानडुकरांनी एकदा लोळण घेतली की त्याच दिवशी चिखल होतो. म्हणून पाणी किती आहे एवढंच नाही, कसं आहे तेही रोज बघून लिहायचं.

बशी साफ करायची पद्धत अशी. उरलेलं पाणी बादलीनं काढून जवळच्या झाडाच्या आळ्यात ओता. गाळ खरवडून किमान पंधरा-वीस पावलं लांब टाका. काठावर टाकला तर डुकरं तोच परत आत आणतात. शेवाळ नारळाच्या काथ्यानं किंवा खराट्यानं घासा. साबण नाही, ब्लीचिंग पावडर नाही, तुरटीसुद्धा नाही. भेग दिसली तर सिमेंटचा गिलावा करून दोन दिवस ओल ठेवावी लागते. तेवढ्यात जनावर अडू नये म्हणून आधी शेजारचा पाणवठा भरून घ्या. शेवटी बशीत उतरते दगड रचा, पाण्याबाहेर डोकावतील असे. हे काम लोक फालतू समजतात. पण कडा गुळगुळीत असली की खारी, सरडे, पिल्लं आत पडतात आणि वर येता येत नाही. मेलेलं जनावर कुजलं की सगळं पाणी वाया. मधमाश्यांनाही बसायला तोच दगड लागतो.

वेळ सकाळी नऊ ते अकराची धरा. पहाट आणि संध्याकाळ जनावरांची. भर दुपारी पाण्यावर मधमाश्यांची एवढी गर्दी असते की हात घालणं शहाणपणाचं नाही. अत्तर, सुवासिक तेल, डिओ यातलं काही लावून जाऊ नका. आग्या मोहोळ उठलं तर डोकं-तोंड झाकून पळायचं, हात झाडायचे नाहीत, आणि पाण्यात उडी तर मुळीच नाही.

जाळरेषेचं काम आपण जाईपर्यंत बरंचसं उरकलेलं असतं. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. रेषा त्याआधी काढून जाळून घेतात. नंतर उरतं ते वाऱ्यानं परत साचलेला पाला ओढून रेषा उघडी ठेवणं. दाताळं आणि खराटा घेऊन हे काम दोघांनी रेषेच्या दोन्ही कडांनी समांतर चालत करावं. वणवे बहुतेक माणसाच्याच हातचे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणं, गवत जोमानं फुटावं या समजुतीनं माळ पेटवणं, नाहीतर विडीचं थोटूक. धूर दिसला तर आधी वनरक्षकाला फोन. रेंज नसेल तर एकानं दुचाकीवर चढावर जाऊन करावा. राज्याच्या वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६. आग दिसली की धावत सुटणारे हौशी लोक कामापेक्षा अडचण जास्त करतात. चढावर आग वरच्या अंगाला झपाट्यानं पळते, त्यामुळे आगीच्या वर कधीच उभं राहायचं नाही. कपडे सुती, पायात बूट. नायलॉनचा टी-शर्ट ठिणगीनं अंगाला चिकटतो.

कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायला वनरक्षकासोबतच जायचं. गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पण थोडे तिरके, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जात नाही आणि बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके मिळतात. तोंड पूर्व-पश्चिम ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य फोटो खाऊन टाकतो, उत्तर-दक्षिण ठेवा. आणि उन्हाळ्यातली एक गोम लक्षात असू द्या. हे कॅमेरे अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखून चालतात. दुपारी ४२ अंशांना तो फरक उरतच नाही. जनावर समोरून जातं आणि कॅमेरा गप्प. उलट तापलेलं गवत हललं की शेकड्यानं रिकामे फोटो. म्हणून समोरचं गवत काढणं आणि सावलीतली वाट निवडणं याला इथं फार महत्त्व. गौताळ्यात २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला वाघ अशाच कॅमेऱ्यात उमटला होता. त्या भरवशावर कुणी वाघ बघायला येऊ नये.

वैशाखी पौर्णिमेची मचाणावरची रात्र ही सगळ्यांना हवी असलेली गोष्ट. जागा थोड्या, शुल्क असतं, नोंदणी आधी. हिला पूर्वी प्राणीगणना म्हणत. खरं तर अंदाज बांधायला ती कच्चीच. एकच नीलगाय रात्रीत दोन पाणवठे करते आणि दोन मचाणांवर दोनदा लिहिली जाते. तरीही नोंद नीट केली तर उपयोग होतो. फक्त ‘नीलगाय ४’ असं न लिहिता आली किती वाजता, कोणत्या दिशेनं, नर-मादी-पिल्लू किती, गेली किती वाजता आणि कुठे, हे लिहा. दिशा आणि वेळ असली की शेजारच्या मचाणाशी ताडून दुहेरी नोंद काढता येते. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी, मोठ्या कुत्र्याएवढं’ असं लिहावं. खात्री नसताना तरसाचा बिबट्या करू नका. सकाळी ठसे बघून शंका फिटते. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, तरसाच्या उमटतात आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. अस्वलाचं मागचं पाऊल माणसाच्या तळव्यासारखं.

मचाण निवडायची मुभा मिळालीच तर पाण्याच्या आग्नेयेचं घ्या. उन्हाळी संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, तुमचा वास मागे जातो. आणि या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र आग्नेयेकडून उगवून दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उजेड पाठीमागून पाण्यावर पडतो. दोघांनी मिळून जागायचं नाही. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. जागा असेल त्यानं बघायचं आणि त्यानंच लिहायचं. लाल कागद लावलेली छोटी बॅटरी फक्त कागदावर. मोबाइल बंद. एकदा वर चढलं की सकाळी कर्मचारी न्यायला येईपर्यंत उतरायचं नाही, म्हणून लघवीची सोय वरच हवी. रुंद तोंडाची झाकणाची बाटली दोघांना वेगवेगळी, बायकांसाठी मेडिकलमध्ये मिळणारं कागदी फनेल. हे कुणी आधी सांगत नाही आणि रात्री दोनला अडतं.

खाणं धपाटे आणि दशम्या, सोबत गूळ-शेंगदाणे. फडक्यात बांधलेलं बरं, कुरकुऱ्यांच्या पाकिटाचा आवाज पाण्यापर्यंत जातो. पाणी माणशी रोज पाच लिटर, त्याखाली नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा. घाम यायचा थांबला, बोलणं विस्कळीत झालं, की ते ऊन बाधलंय. सावली, ओलं फडकं, वारा आणि लगेच १०८. खडकाळ भागात फुरसं हा विषारी साप असतो, दगड उचलताना आधी काठीनं हलवा. चावलंच तर कापणं-चोखणं-बांधणं काही न करता थेट कन्नडचा सरकारी दवाखाना.

सुट्टीच्या दिवशी पितळखोरा. तेलवाडी-कालीमठाकडून रस्ता जातो, पुढे पायऱ्या उतरून दरीत. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही बौद्ध लेणी. जोत्यावरची हत्तींची रांग आणि दारातले द्वारपाल सावकाश बघण्यासारखे. दगड ठिसूळ असल्यामुळे पडझड बरीच. सकाळी लवकर जा, दुपारी त्या पायऱ्या चढणं जिवावर येतं. किल्ले अंतूर नागापूरमार्गे. वरच्या टाक्यांतलं पाणी पिऊ नका, आपलं घेऊन जा. घाट उतरून पाटणादेवीला गेलात तर ते खानदेश, पण मंदिर आणि भास्कराचार्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख, दोन्हींसाठी वाट वाकडी करावी.

परतीची तारीख मृगाच्या आधीची ठरवा. निघण्याआधी पाणवठ्यांची वही, मेमरी कार्डं आणि उसनी घेतलेली हत्यारं वनपालाकडे सही घेऊन जमा करा. पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यांना पाणी येतं, जनावर पांगतं आणि बशा भरायचं काम संपतं. त्याच दिवशी काळ्या मातीच्या कच्च्या वाटा चिकट होतात; चाक आणि मडगार्ड यांच्यात माती बसली की दुचाकी ढकलतासुद्धा येत नाही. तेव्हा ती आदल्या दिवशीच डांबरीवर आणून लावा.