ईस्टरचा स्वयंपाक शनिवारी

शनिवार, ४ एप्रिल २०२६
शरणपूर, नाशिक

नाताळच्या फराळाला हाताशी निदान पंधरा दिवस असतात. करंज्या, शंकरपाळे, नानकटाई. जमेल तसं करा आणि डबे भरा. ईस्टरला ती सोय नाही. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, काल गुड फ्रायडे, उद्या अंधारातच पहाटेची उपासना. मधे उरतो आजचा एक शनिवार. त्यामुळे आमच्याकडे ईस्टरचं जेवण म्हणजे शनिवारी करून ठेवता येईल ते. रात्रभर टिकणारं, शक्यतो मुरून जास्त चांगलं लागणारं.

ईस्टरची तारीख दरवर्षी वेगळी. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. यंदा ती पौर्णिमा चैत्राचीच, म्हणजे परवा गुरुवारी हनुमान जयंतीला. शेजारच्या काकूंनी सुंठवडा पाठवला होता. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून काल तिच्यासोबत बन गेले. बिनअंड्याचे, त्यांच्यासाठी वेगळे मळलेले.

बनचं सांगायचं तर हे ‘हॉट क्रॉस बन’ मूळचे इंग्लंडचे, गुड फ्रायडेला खायचे. पण नाशकात बेदाण्याला तोटा नाही, त्यामुळे आमच्या बनमध्ये बेदाणे अंमळ जास्तच. अर्धा किलो मैद्याला पाव लिटर कोमट दूध, सात ग्रॅम यीस्ट, लोणी, साखर, दालचिनी, जायफळ आणि एखादी लवंग कुटून. बेदाणे आधी भिजवलेच पाहिजेत, नाहीतर ते पिठातलं पाणी ओढून घेतात आणि बन कोरडे होतात. पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘उबदार जागी दोन तास ठेवा.’ एप्रिलमधल्या नाशकात उबदार जागा वेगळी शोधावी लागत नाही. दुपारी पीठ बघता बघता परातीबाहेर येतं. पण असं घाईनं फुगलेलं पीठ मला आवडत नाही. उग्र वास येतो, चव मात्र येत नाही. म्हणून गुरुवारी रात्री मळून सरळ फ्रीजमध्ये. तिथे ते सावकाश फुगतं. सकाळी गोळे करायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि मैदा-पाण्याची दाटसर पेस्ट मेंदीसारख्या कोनात भरून वर क्रूस काढायचा. ओव्हनमधून निघाले की गरम असतानाच साखरेच्या पाकाचा ब्रश. काल चर्चमधून येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना संपवून आलो आणि उपास ह्याच बनवर सोडला.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, माझा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, पटत नाही. त्यांच्या वेळी भाजायचे पत्रे, म्हणजे ट्रे, भरून बेकरीत न्यायचे. पाव काढून झाले की भट्टी उतरणीला लागायची, तेव्हा घरगुती माल लावायचा. कुठला पत्रा कुणाचा हे कळावं म्हणून चिठ्ठी. “तुझ्या डब्यात वरून रंग येतो गं, आतून भट्टीची चव नाही.” खरं आहे ते. पण रात्री दहा वाजता पत्रे डोक्यावर घेऊन कोण जाणार होतं, ते त्या सांगत नाहीत.

आजची दुपार अंड्यांची. चॉकलेटची अंडी मी आणत नाही. ह्या उन्हात दुकानातून घरी येईपर्यंत त्यांचा आकार राहत नाही, शिवाय चांदीच्या कागदाचेच पैसे जास्त. आपल्या जिल्ह्यात कांद्याला कमी नाही, मग मी कांद्याच्या टरफलांनी रंगवते. भाजीवाल्या मावशींकडे सांगून ठेवलं की पिशवीभर टरफलं फुकट मिळतात. अर्धा तास उकळली की पाणी गर्द तांबडं. त्यात दोन चमचे व्हिनेगर. आंबटपणामुळे कवचाचा वरचा थर किंचित खरवडला जातो आणि रंग धरतो. अंडी पांढरीच हवीत, गावरान नकोत. अंड्यावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवायचं, मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधायचं आणि दहा-बारा मिनिटं मंद उकळायचं. पुरचुंडी सोडली की तपकिरी-लाल अंड्यावर पानाची फिकट नक्षी उठते, अगदी शिरेसकट. बोटावर तेलाचा थेंब घेऊन पुसलं की चकाकी. भाचरांना हे जादूसारखं वाटतं. उद्या ती एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कुणाचं फुटतं ते बघतील. तोवर सगळी फ्रीजमध्ये. उकडलेलं अंडं ह्या दिवसांत रात्रभर बाहेर ठेवायचं नाही.

मार्झिपॅन, म्हणजे वाटलेल्या सुक्यामेव्याची साखर घातलेली मिठाई, काजूचं केलं. खरं ते बदामाचं. बदामाचा भाव विचारला आणि काजूकडे वळले. पिवळा रंग जरा जास्त झालाय, असो.

वसईला दिलेली नणंद संध्याकाळी येतेय. ती फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, करणार आहे, पीठ तिकडूनच आंबवून आणते म्हणाली. कसारा घाटात डब्याचं झाकण उडालं तर गाडीतच ईस्टर, असं ह्यांनी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, दादा, तू फक्त तेल तापवून ठेव.

मसाला वाटून झाला. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, कांदा. मटण मात्र शनिवारी आणलेलं आईंना चालत नाही. “फ्रीजमधलं मटण सणाला?” एवढंच म्हणतात आणि विषय संपतो. हे म्हणतात, उपासनेहून येताना घेऊ. आई म्हणतात, रविवारी तोवर दुकानापुढे रांग लागते आणि चांगलं मटण गेलेलं असतं. दोघांचंही बरोबर आहे. शेवटी असं ठरलंय की धाकट्या दिरांनी उपासना सुटल्या सुटल्या, कुणाशी ‘प्रभू उठला आहे’ म्हणत गप्पा न मारता, तडक दुकान गाठायचं. ते कबूल झालेत, पण नव्या पांढऱ्या शर्टात जाणार नाहीत म्हणे. दुसरा शर्ट डिकीत टाकून ठेवायला सांगितलाय.