एक्का सोडायला शिकताना: जॅक्स ऑर बेटर, आठवडा सातवा

व्हिडिओ पोकरचा सराव: पहिल्या आठवड्यात 200 डावांत 31 चुका. सातव्या आठवड्यात 200 डावांत 4. वहीत हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि फार बरं वाटलं, म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी सांगलीची. सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे हेंडरसनला आलेय, म्हणजे लास व्हेगासच्या शेजारीच. इथे किराणा घ्यायला गेलं तरी सुपरमार्केटच्या दाराशी व्हिडिओ पोकरची यंत्रं दिसतात. एकदा जावई गाडी आणेपर्यंत तिथे उभी होते. एक म्हातारे गृहस्थ इतक्या भराभर पानं धरत आणि टाकत होते की मी बघतच राहिले. पाच पानं येतात, हवी ती धरायची, उरलेली एकदाच बदलून घ्यायची. समोर भिडू नाही, कुणाची उतारी ओळखायची नाही. बँकेत इतकी वर्षं हिशेब जुळवण्यात गेली, त्यामुळे या खेळातला नुसता हिशेब मला लगेच आवडला.

सराव पैसे न लावता करते. दुपारी सगळे कामावर गेले की जेवणाच्या टेबलावर कॅट पिसायचा, पाच पानं मांडायची, काय धरणार ते आधी वहीत लिहायचं आणि मग टॅबलेटवरच्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये तोच डाव घालून बघायचा. खऱ्या पत्त्यांवर केलेला सराव यंत्रावर चालतो का, असं मला विचारलं होतं. चालतो. नेवाडात नियमच आहे की पडद्यावर पत्ते दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. पाच पानं हातात आली की 47 उरतात, टेबलावरही आणि यंत्रातही.

पेटेबलबद्दल, म्हणजे कोणत्या हाताला किती नाणी मिळतात त्या तक्त्याबद्दल, एकदाच सांगते. मी शिकतेय तो प्रकार जॅक्स ऑर बेटर: गुलाम, राणी, राजा किंवा एक्क्याची जोडी लागली तर लावलेलं नाणं परत. दोन जोड्यांना 2, तीन सारख्यांना 3, स्ट्रेटला (ओळीने पाच पानं) 4, फ्लशला (पाचही एकाच रंगाची) 6, फुल हाउसला (तीन सारखी आणि एक जोडी) 9, चार सारख्यांना 25, स्ट्रेट फ्लशला (ओळीने आणि एकाच रंगाची) 50. यातली फुल हाउसची आणि फ्लशची ओळ आधी वाचायची. 9 आणि 6 असेल तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात 99.54 टक्के परत मिळतं. तेच यंत्र, तसाच पडदा, पण आकडे 8 आणि 5 असतील तर 97.30 टक्के. पाव डॉलरची पाच नाणी लावून तासाला 500 डाव खेळले तर 625 डॉलर फिरतात. पहिल्या यंत्रावर सरासरी तोटा तीन डॉलरच्या आत, दुसऱ्यावर जवळपास सतरा. आणि पाच नाणीच का, तर रॉयल फ्लशला (एकाच रंगाची दश्शी ते एक्का) पाच नाण्यांवर 4000 मिळतात, एका नाण्यावर फक्त 250. शंभर टक्क्यांच्या खालीच आहे हे सगळं, त्यामुळे याकडे कमाई म्हणून बघू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता चुकांकडे. वही चाळली तर पहिल्या तीन आठवड्यांतल्या बहुतेक चुका एकाच मुळाशी जातात: हातात आलेला एक्का मला टाकवत नव्हता. लहानपणापासून मेंढीकोट खेळलेय, एक्का म्हणजे हात घरात. ती सवय बोटांत बसलेली. गुलामाची जोडी आली की सोबत एक्का धरायचा, असं मी आपोआप करत होते. मनाला वाटायचं, एक्का लागला तर दोन जोड्या होतील. एकदा शांतपणे हिशेब मांडला. नुसती गुलामजोडी धरून तीन पानं घेतली तर एका नाण्यामागे सरासरी 1.54 परत. जोडीबरोबर एक्का धरला आणि दोनच पानं घेतली तर 1.42. तिसरा गुलाम यायची एक संधी मी स्वतःच्या हाताने बंद करत होते. तेव्हापासून जोडीबरोबर काहीही धरत नाही.

दुसरी जागा जास्त अवघड होती. एक्का, राजा, राणी, तिघं वेगवेगळ्या रंगांचे आणि बाकी दोन पानं किरकोळ. इथे राजा-राणी धरायची आणि एक्का टाकायचा. कारण सरळ आहे. राजा-राणी दोन स्ट्रेटमध्ये बसतात, नव्वी ते राजा आणि दश्शी ते एक्का. एक्का-राजाला दश्शी ते एक्का ही एकच जागा. राणी-गुलामाला तर तीन जागा, अठ्ठीपासून सुरू होणारी स्ट्रेटही चालते. तिन्ही धरली तर बदलायला दोनच पानं उरतात. मात्र तिघांपैकी दोघं एकाच रंगाचे असतील तर तीच दोन धरायची, मग त्यात एक्का असला तरी. आणि राजा-राणी-गुलाम असे वेगवेगळ्या रंगांचे तिघं आले तर तिघंही ठेवायचे. हे मला चार दिवस लागले.

लहान जोडीचंही असंच. चव्व्यांची जोडी, सोबत निरनिराळ्या रंगांचे एक्का-राजा. चव्व्यांच्या जोडीला यंत्र काहीच देत नाही, त्यामुळे एक्का-राजा धरावेसे वाटतात. पण चव्व्या धरल्या की तीन पानांच्या 16,215 संभाव्य जुळण्यांपैकी 4,656 मध्ये हात दोन जोड्या किंवा त्याहून वर जातो, आणि तिथे 2, 3, 9, 25 असे आकडे आहेत. सरासरी 0.82. एक्का-राजा धरले तर मिळतं बहुतेक वेळा ते एकच नाणं, आणि सरासरी अर्ध्याच्याही खाली. रमी खेळणाऱ्यांना आणखी एक मोह असतो तो सीक्वेन्सचा. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी अशी दोन्ही बाजूंनी उघडी चार पानं दिसली की आपल्याला जोडी दिसेनाशी होते. आठ पानं चालतात, आठ चोक बत्तीस, भागिले 47, म्हणजे 0.68. जोडीच धरा.

या आठवड्यात ज्या डावाने डोक्यात प्रकाश पडला तो सांगते. टेबलावर बदामाची राणी, बदामाचा गुलाम, बदामाची नव्वी, बदामाची चव्वी आणि पाचवं पान किलवरचा गुलाम. मी चार बदामं धरली. प्रोग्रॅमने चूक दाखवली. फ्लशला नऊ बदामं उरली, नऊ सक चोपन्न, शिवाय तीन राण्या आणि दोन गुलाम जोडी लावतील, एकूण 59, भागिले 47, म्हणजे 1.26. गुलामजोडी 1.54. मग मी किलवरचा गुलाम उचलून त्या जागी किलवरची नव्वी ठेवली. बाकी चार पानं तीच. आता जोडी नव्वीची, म्हणजे लहान, 0.82. चार बदामं धरली तर 60 भागिले 47, म्हणजे 1.28. उत्तर उलटं! बराच वेळ ती दोन किलवरची पानं आलटून पालटून ठेवत बसले. मोठी जोडी, मग चार बदामं, मग लहान जोडी: काय धरायचं ते क्रमाने सांगणाऱ्या यादीतल्या त्या तीन ओळी मी महिनाभर पाठ म्हणत होते, पण त्यांचा क्रम असा का, ते डोळ्यांनी त्या दुपारी पाहिलं.

यादीबद्दलही एक शब्द. पाच पानं धरण्या-टाकण्याचे 32 मार्ग असतात, पण प्रत्येक वेळी गणित करायची गरज नाही. पंधरा-सोळा ओळींची सोपी यादी वरून खाली वाचत यायची आणि आपल्या हाताला लागू पडणारी पहिली ओळ पाळायची. तिने खेळलं तर परतावा 99.46, म्हणजे पूर्ण अचूक खेळापेक्षा फक्त 0.08 टक्के कमी. सुरुवात करणाऱ्यांनी सूक्ष्म अपवादांमागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. दोन जोड्या आल्यावर चारही पानं धरण्यासारख्या गोष्टी आधी पक्क्या करा. त्यात मोठीच जोडी ठेवणारे मी इथे पाहिलेत आणि ती चूक फार महाग पडते, 2.60 ऐवजी 1.54.

शनिवारचा शेवटचा डाव. लेक घरी होती, चहा घेऊन समोर बसली. मी पानं वाटली: इस्पिकचा राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि इस्पिकचीच चव्वी. आलेला फ्लश, सहा नाणी पक्की. मी चव्वी टाकली आणि एक पान ओढलं. चौकट छक्की.

“अगं आई, हातातला फ्लश मोडलास?” लेक म्हणाली.

मी उरलेला कॅट उलटा केला, ओढलेली छक्की त्यात मिसळली आणि सगळी 47 पानं टेबलावर गटागटाने मांडली. इस्पिकचा एक्का वेगळा: रॉयल, पाच नाण्यांचे 4000 म्हणजे नाण्यामागे 800. इस्पिकची नव्वी वेगळी: 50. बाकीची सहा इस्पिकं, प्रत्येकी 6. उरलेले तीन एक्के आणि तीन नव्व्या, स्ट्रेटचे प्रत्येकी 4. तीन राजे, तीन राण्या, तीन गुलाम, प्रत्येकी 1. शेवटच्या गटात काहीच न देणारी 24 पानं, त्यातच ती छक्की. लेकीने मोबाइलवर बेरीज केली, 919. भागिले 47 केलं, साडेएकोणीसच्या वर.

“आणि फ्लश ठेवला असता तर सहा,” ती म्हणाली. इस्पिकचा एक्का तिने हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, मग सगळी पानं गोळा करून माझ्यासमोर ठेवली. “पिस परत. या वेळी मी सांगते काय धरायचं.”