बोलणे आणि सामर्थ्य

बायबलमधील करिंथकरांस (करिंथ या ग्रीक शहरातील ख्रिस्ती मंडळीस) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, देवाचे राज्य बोलण्यात नसून सामर्थ्यात आहे, असे प्रेषित पौल म्हणतो आणि आपल्याकडे हे वचन बहुधा रोगमुक्तीच्या सभांतच ऐकू येते. (भोंगे जितके मोठे तितके सामर्थ्य अधिक, असाही एक समज दिसतो.) मात्र त्याच अध्यायात, काही ओळी आधी, तो भूक, तहान, मारहाण आणि स्वतःच्या हातांनी केलेले कष्ट सांगतो, निंदा होत असता आम्ही आशीर्वाद देतो, असेही म्हणतो. करिंथात दीड वर्ष राहून, अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा केलेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

आज उपासनेनंतर कळव्याला आमच्या मंडळीतील एका मावशींकडे गेलो होतो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या शेजारच्या आजींना त्यांनी कुशीवर वळवले, पाठीला पावडर लावली आणि मग उशी उंच करून तांदळाची पेज चमच्याने थोडी थोडी भरवली. आजींनी पेज थुंकली, वर शिवीही हासडली. मावशींनी त्यांची हनुवटी पुसली आणि "आज मीठ कमी पडलं का हो आजी?" एवढेच विचारले. या मावशी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, कधी उभ्या राहिल्याचे मला आठवत नाही. असा राग रोज झेलूनही मन कडवट होऊ न देणे हे केवळ स्वभावाचे काम नव्हे. ते पवित्र आत्म्याचेच सामर्थ्य आहे, असे मी मानतो. निघताना प्रार्थना करू का, असे विचारले, तेव्हा आधी चादर पिळायला हात लावा, असे त्यांनी सांगितले.