झेनची डावी शिवण पुन्हा दुमडली, आणि जॅकच्या पॅडचा पाचवा प्रयत्न

मंडळी, मागच्या वेळी माझ्या मारुती झेनच्या डाव्या रनिंग बोर्डाचं (दाराखालचा पोकळ पत्रा) काम संपलं म्हणून फोटो टाकले होते. ते काम पुन्हा उघडावं लागलंय. मागे एका शनिवारी गाडी व्हील बॅलन्सिंगला नेली होती. मी काउंटरवर पैसे देत होतो, तेवढ्यात मागून पत्रा मोडल्याचा कोरडा आवाज आला. वळून पाहिलं तर पुढचं डावं चाक हवेत, आणि ट्रॉली जॅक, तो लावायच्या खाचांपासून चांगला वीतभर मागे.

"दादा, तिथे नको रे, पुढे दोन खाचा आहेत बघ."

"काही नाही होत काका, रोज लावतो."

त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. तो उभ्यानेच जॅक आत ढकलतो, पायाने दिशा देतो आणि दांडा मारायला लागतो. उभ्या माणसाला दाराखालची शिवण, म्हणजे पत्र्याची खाली लोंबणारी कड, दिसतच नाही. ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

घरी येऊन टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. चार बोटं लांबीची शिवण दुमडलेली, बॉडीशुट्झ (खालच्या पत्र्यावरचं जाड कोटिंग) खपल्यांसारखं निघालेलं, आणि डेंटरचाचांनी दोन महिन्यांपूर्वीच भरलेल्या वेल्डच्या टाक्यांपैकी दोन सुटलेले. दुखलं. ही गाडी बाबांनी १९९८ मध्ये घेतली. तिचा पत्रा वाचवायला मी वर्षभर रविवार घालवलेत.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. झेनला जिप्सीसारखी वेगळी चेसी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखाली आतला आणि बाहेरचा पत्रा एकत्र येऊन स्पॉट वेल्डने जोडला जातो, ती खाली लोंबणारी कड म्हणजे आपली शिवण. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे तिच्यात दोन-दोन खाचा असतात. त्या दोन खाचांच्या मधे आतून जादा पत्रा दिलेला असतो आणि जॅकची जागा तेवढीच. बाकीची शिवण वजन घ्यायला केलेली नाही. शिवाय तिच्या थरांमध्ये मधूनमधून पाणी निघायला फटी सोडलेल्या असतात. शिवण दुमडली की फट मिटते, पावसाचं पाणी बोर्डात साचतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्र्याचा पापड, हे आपण उजव्या बाजूला पाहिलंच आहे.

सरळ करण्याचं काम अपेक्षेपेक्षा बरं झालं. साध्या पकडीने ओढलं तर दातांचे वळ उठतात आणि पत्रा एकाच जागी वाकून टाक्याशी चिरतो. म्हणून जुन्या बाजारातून आणलेल्या लॉकिंग पकडीच्या दोन्ही जबड्यांना ५ मिमी जाडीची, तीन बोटं रुंद पट्टी वेल्ड करून घेतली. हीट गनने उरलेलं कोटिंग मऊ करून खरवडलं आणि दुमडलेल्या भागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं ओढत गेलो. एका फेरीत केसभर, अशा दहा-बारा फेऱ्या. शेवटी पट्टी टेकवून पाहिली तर उजेडाची रेघ जवळजवळ एकसारखी. तो क्षण मी चहाबरोबर पुरवून पुरवून अनुभवला. सुटलेले दोन टाके चाचांनी सीओटू वेल्डिंगने भरले: वरच्या पत्र्याला ६ मिमीचं भोक, आणि ते भोक भरून घ्यायचं. ज्वाळेचं गॅस वेल्डिंग इथे नकोच. आजूबाजूचा पत्रा इतका तापतो की आतल्या बाजूचा सगळा रंग जळतो आणि तिथे पुन्हा ब्रश पोचत नाही. प्राइमरबद्दल माझं मत अजून तेच आहे. रेड ऑक्साइड स्वस्त पडतं, पण खालच्या पत्र्याला झिंक रिचच (जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्राइमर) लावा.

आता मूळ दुखणं. शिवण कितीही वेळा सरळ करा, पुढच्या पंक्चरला पुन्हा तेच होणार. म्हणून पॅड, म्हणजे जॅकची वाटी आणि शिवण यांच्या मधे ठेवायचा खाच पाडलेला ठोकळा. आधीच्या दोन प्रयत्नांबद्दल लिहिलं होतं: ट्रकच्या टायरचा तुकडा (सुरीने पाडलेली खाच तिसऱ्यांदा उचलताना फाटली) आणि सागवानी ठोकळा (रेषेत उभा चिरला). तिसऱ्यासाठी भोसरीला गेलो. तिथे रबर आणि प्लॅस्टिकचे रॉड विकणाऱ्यांकडे पीयूचे (पॉलियुरेथेन, रबरासारखं चिवट प्लॅस्टिक) उरलेले तुकडे किलोवर मिळतात. ९० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचा, ६५ मिमी व्यासाचा तुकडा घेतला. नायलॉन घेऊ नका. ते फार कडक आहे, लोखंडी वाटीवर सरकतं. पीयू दाबाखाली जरासं दबतं, तेलाने फुगत नाही आणि सोडलं की मूळ आकारात येतं.

लेथवाल्या काकांनी विचारलं, "खाच किती?" मी म्हणालो, दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद, १४ मिमी खोल. माझ्या गाडीची शिवण १२ मिमी उंच आहे. माझा हिशोब असा होता की शिवण खाचेत लटकती राहावी आणि सगळं वजन पॅडच्या दोन्ही खांद्यांनी घ्यावं. कागदावर हे छान दिसतं. पुढचा एक कोपरा उचलायला अडीचशे किलोच्या आसपास जोर लागतो असं धरा. तो सगळा ३ मिमी जाड कडेच्या ६ सेंटिमीटर लांबीवर आला तर दर चौरस सेंटिमीटरला १४० किलोच्या घरात जातो. तोच ६५ मिमीच्या पॅडवर पसरला तर दहा किलोच्याही खाली.

पण प्रत्यक्षात उचलल्यावर बाहेरच्या खांद्याने बोर्डाचा पत्रा आत दाबला, अंगठ्याने कणीक दाबावी तसा. तो बाहेरचा पत्रा पातळ आहे, त्याच्या पोटात काही नाही. ताकद आहे ती खाचांच्या मधल्या शिवणीत आणि तिच्या आतल्या बाजूला. म्हणजे योग्य जागी शिवणीने वजन घ्यायलाच हवं, फक्त तिला आडवं पडू द्यायचं नाही. हे समजायला मला तीन आठवडे लागले.

चौथ्यात खाच ११ मिमी खोल केली. आता आधी शिवण खाचेच्या तळाला टेकते, पीयू मिलिमीटरभर दबतं आणि मग खांदे बोर्डाला लागून उरलेलं वजन उचलतात. रुंदीही कमी केली, दीड सूत. माझी शिवण रंगासकट साडेतीन मिमी भरते. खाच सैल असली की शिवणीला आत झुकायला जागा मिळते, फार घट्ट असली की घालता-काढताना रंग सोलतो. दीड सूत बरोबर बसलं. हातानेच घालून पाहिलं तेव्हा टोपीसारखं बसलं.

आणि तरीही रविवारी पार्किंगमध्ये उचलताना पॅड तिरकं झालं! वरचा भाग जागेवर, खालचा भाग माझ्या दिशेने ओढला गेलेला. गाडी खाली घेतली, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दुपारचे दोन तास यात गेले. खाचेचे कोपरे घासले, जॅकच्या वाटीचे दात घासले, वाटीत सायकलच्या ट्यूबची चकती घातली. काही फरक नाही. चिडून पाणी प्यायला वर आलो आणि जिन्यातच आठवलं, त्या शनिवारी शिवण कुठल्या बाजूला दुमडली होती? बाहेर. जॅक मारणाऱ्याच्या दिशेने. वजन सरळ खालून येत असेल तर ती दर वेळी बाहेरच का वळावी?

खाली जाऊन गाडी न उचलता नुसता जॅक वर घेतला आणि वाटीच्या टोकाशी ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या. ट्रॉली जॅकचा हात एका खिळीभोवती फिरतो, म्हणून वाटी सरळ वर न जाता कमानीत जाते. वीतभर वर जाईपर्यंत ती मागे, म्हणजे माझ्याकडे, दोन इंचांहून जास्त आली. त्यात गाडी एका बाजूने उचलली की ती पलीकडच्या चाकांवर कलते आणि बोर्ड माझ्यापासून थोडा दूर जातो. हा सगळा फरक भरून काढायला जॅकने स्वतः गाडीखाली आत सरकत जायचं असतं. त्याला लोखंडी चाकं त्यासाठीच आहेत. माझ्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, आणि जॅकची पुढची चाकं ब्लॉकच्या सांध्यात रुतली होती. जॅक अडकला, वाटी मागे येत राहिली आणि तिच्याबरोबर शिवण ओढली गेली.

सोमवारी कामावरून येताना त्या टायरच्या दुकानापुढे मुद्दाम थांबलो. तिथेही पेव्हर ब्लॉक, तेही खचलेले.

१२ मिमी प्लायचा एक तुकडा जॅकखाली टाकला. पॅड सरळ. सहा वेळा उचललं, सहाही वेळा सरळ, आणि प्लायवर जॅकची चाकं आत सरकलेली स्पष्ट दिसली. शिवणीच्या ताज्या रंगावर चराही नाही. वर्षभरात कुठल्याच कामाने मला इतकं समाधान दिलं नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला दुमडल्यात त्यांनी आपल्या गॅरेजची फरशी एकदा पाहा. जॅक योग्य जागी लावूनही नुकसान होतं ते असं.

जाता जाता दोन गोष्टी, कारण गाडी उचलताना काय जपायचं आणि हे पॅड इतर गाड्यांना चालेल का, असं मागच्या वेळी विचारलं गेलं होतं. पुढचं चाक उचलताना गिअरवर भरवसा नको. एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे दुसरं मोकळं फिरतं. हँडब्रेक मागच्या चाकांना आहे, तो लावा. मागचं चाक उचलत असाल तर हँडब्रेक एकाच टेकलेल्या चाकावर उरतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, घोडी (गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड) हवीच. जॅकचं सील कधी सुटेल याचा नेम नसतो.

दुसरं, हे पॅड झेनच्या मापाचं आहे. बाकीच्यांनी आपली शिवण मोजूनच खाच पाडावी. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना बोर्डाखाली प्लॅस्टिकचे चौकोनी ठोकळेच दिलेले असतात, जॅक थेट त्यांवर. मला ती पद्धत सर्वात शहाणपणाची वाटते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण बहुतेकांच्या फ्लोअरखाली बॅटरीची पेटी असते आणि जॅक चार बोटं आत गेला तर पत्र्याऐवजी पेटीच दाबली जाते.

खरं तर इथे थांबून पॅडचं ड्रॉइंग टाकणार होतो, पण लिहिताना तो उभ्याने जॅक ढकलणारा मुलगा पुन्हा डोळ्यांपुढे आला. माझं पॅड डिकीत राहिलं तर त्याचा काय उपयोग? प्रत्येक पंक्चरवाल्याला खाली वाकून खाचा शोधायला लावणं मला जमणार नाही, आणि दिवसभर गाड्या उचलणाऱ्या माणसाला ते सांगणंही बरोबर नाही. पॅड आधीच जागेवर चिकटलेलं असेल तर? शिवण लोखंडाची आहे. खाचेच्या भिंतीत चुंबक बसवला तर पॅड मीच दुकानात शिरण्याआधी लावून ठेवीन, आणि त्याला फक्त दिसेल त्या ठोकळ्याखाली जॅक न्यायचा आहे.

लिहिणं अर्धवट सोडून खाली गेलो. जुन्या स्पीकरचा चुंबक फोडून दोन तुकडे पॅडच्या आतल्या बाजूला टेपने बांधले आणि पॅड पुढच्या खाचांमध्ये लावलं. पडलं नाही. पिवळ्या ऑइल पेंटचा एक पट्टा त्याच्या बाहेरच्या बाजूला ओढला, म्हणजे उभ्यानेही दिसावं. मग नववीतल्या भाच्याला हाक मारली. त्याने आजवर जॅकला हात लावलेला नाही. "गाडी उचल," एवढंच म्हणालो. त्याने थोडं वाकून पाहिलं, प्लाय सरकवला, आणि वाटी बरोबर पिवळ्याखाली नेली.

त्यामुळे पाचवं पॅड चुंबकाचं. १० मिमी व्यासाच्या निओडिमियमच्या चकत्या मागवल्या आहेत. लेथवाल्या काकांकडे खाचेच्या आतल्या भिंतीला दोन आंधळी (आरपार न जाणारी) भोकं पाडून त्या इपॉक्सीने आत बसवायच्या. एक काळजी आहे: गॅरेजमधला लोखंडी कीस चुंबकाला चिकटणार आणि रंगाला पॉलिश पेपरसारखा घासणार. चकती भोकात मिलिमीटरभर आत ठेवून वर सायकल ट्यूबचा पापुद्रा चिकटवला तर कीस पुसून काढता येईल असं वाटतं, पण पकड किती कमी होते ते लावूनच कळेल. कुणी हे केलं असेल तर चकतीची जाडी सांगा, मी ३ मिमीची मागवली आहे. चार पॅड लागतील, पीयूचा रॉड तेवढा उरलाय. तोपर्यंत डाव्या बोर्डाच्या आत गंजरोधक वॅक्स मारायचं आहे, पण त्याआधी शिवणीच्या फटींमधून सायकलचा स्पोक फिरवून प्रत्येक फट मोकळी आहे ना ते बघणार. काल मधली एक फट सीलरने बुजलेली सापडली.